कावळ्याचे गोत आणि परगोत्राचा नीळकंठ

सोयरीक जुळवताना आपली वडीलधारी मंडळी मुलाचा रंग सर्वांत शेवटी पाहतात. आधी गोत विचारतात, मग कूळ, देवक, मामेकूळ. एकाच आईच्या पोटी एक गोरे आणि एक सावळे लेकरू जन्मते हे त्यांनी जन्मभर पाहिलेले असते, म्हणून रंगावर नाते ठरवण्याचा वेडेपणा ती करीत नाहीत. पाखरांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. काळे दिसले की कावळ्याच्या घरात घातले, निळे दिसले की आणखी कोणाच्या. आणि हा दोष केवळ आपल्या खेड्यातल्या माणसांचा नाही बरे का! मोठमोठ्या पंडितांनीही तेच केले आहे.

हा विषय निघाला तो हिंगणीला. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाला जाताना लागणारे हे गाव. एका बाजूला कपाशी, सोयाबीन, तूर आणि ओलिताखालचा हरभरा-गहू, तर दुसऱ्या बाजूला सागाचे, मोहाचे, तेंदूचे जंगल. बोरचे हे रान १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ पाहायला लांबून गाड्या येतात, पण वावर आणि रान इतके लगोलग असल्यामुळे पाखरे पाहायची तर हिंगणीच्या धुऱ्यावर उभे राहिले तरी पुरते. हरभऱ्यातली घाटेअळी पाहायला मी एका वावरात गेलो होतो. पाचवी-सहावीतली एक मुलगी पुस्तक हातात घेऊन आजोबांच्या मागे उभी होती. तारेवर बसलेल्या नीळकंठाकडे बोट करून ती म्हणाली, “साहेब, आबा म्हणते हा नीळकंठ. अन् पुस्तकात लिवलं हाय ब्ल्यू जे. गुरुजी म्हणे जे म्हंजे कावळ्याच्या घरचा. मंग दसऱ्याले आमी कावळ्याच्या भावाचं दर्शन घेतो का जी?”

मी हसलो, पण आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, “दिवसभर माह्या हरभऱ्यात उतरते थो, अन् पुन्हा तारेवर जाऊन बसते. मी म्हणत होतो देवाचं पाखरू हाय, बसू द्या. कावळ्याच्या जातीचा असन, त हाकललाच पायजे न जी?”

प्रश्न पोरीचा असला तरी निकाल वावराचा होता. नात्यावरून पाखराची किंमत ठरणार होती आणि तेही चुकीच्या नात्यावरून. म्हणून हे नाते नीट उकलून सांगावे असे वाटले.

‘ब्ल्यू जे’ म्हणजे निळा जे. जे हा खरोखरच कावळ्याच्या कुळातला पक्षी आहे आणि पुस्तकात तेवढे बरोबरच छापलेले असते. युरोपातल्या जेच्या पंखावर निळ्या रंगाचा एक सुंदर ठिपका असतो, अमेरिकेतला एक जे तर पाठीवर सगळा निळा. इंग्रज लोक आपल्या मुलुखात आले, त्यांनी बैलगाडीच्या वाटेवर बाभळीच्या शेंड्यावरून उडालेला नीळकंठ पाहिला, पंखांची ती निळाई पाहिली, आणि आपल्या घरच्या पाखराची आठवण होऊन त्याला ब्ल्यू जे म्हणून टाकले. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले, त्यातही रोलर आणि ब्ल्यू जे अशी दोन्ही नावे दिली होती. जुन्या पुस्तकांतून नव्या पुस्तकांत आणि तिथून शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत ते नाव उतरत आले.

पण ही चूक त्याहूनही जुनी आहे. अठराव्या शतकात एलिआझर अल्बिन नावाच्या इंग्रज चित्रकाराने आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात या पाखराचे चित्र ‘बंगालचा जे’ म्हणून छापले. स्वीडनमध्ये कार्ल लिनियस हा पंडित सगळ्या सजीव सृष्टीची खातेवही तयार करीत होता. त्याने नीळकंठ जिवंत पाहिला नव्हता. १७५८ साली त्याने या पाखराची नोंद ‘कॉर्व्हस बेंगालेन्सिस’ अशी केली. कॉर्व्हस म्हणजे कावळा! पुढे शास्त्रज्ञांनी त्याला कावळ्याच्या घरातून बाहेर काढून ‘कोरॅसियास’ या त्याच्या स्वतःच्या घरात नेऊन बसवले. गंमत अशी की कोरॅसियास हा शब्दही ग्रीक भाषेतल्या कावळ्याच्या नावावरूनच आलेला आहे. पोर दत्तकातून परत आले, पण आडनाव तेवढे मागे राहिले.

आता आजोबांना जे सांगितले ते सांगतो. पाखराचे गोत ओळखायचे तर पिसाचा रंग सोडावा आणि चार गोष्टी पाहाव्या: चोच, पाय, घरटे आणि गळा.

कावळ्याची चोच अंगणात रोज पाहता येते. ती जाड, मजबूत, सगळ्या कामाची असते. फोडणे, उकरणे, टोचणे, उचलणे, एकाच हत्यारात सगळी कामे. चोचीच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसे असतात आणि ती पुढे वळून नाकपुड्या झाकून टाकतात. घाणीत, मातीत, मढ्यात चोच घालणाऱ्याला ती सोय उपयोगी पडत असणार. या कुळातल्या बहुतेक पाखरांना अशी पिसे असतात. नीळकंठाच्या नाकपुड्या अशा झाकलेल्या नसतात.

पाय हा त्याहून पक्का पुरावा. कावळा जमिनीवर रुबाबात चालतो. एखाद्या सावकारासारखा, मान हलवीत. भाकरीचा तुकडा किंवा उंदीर सापडला की पायाखाली दाबतो आणि चोचीने लचके तोडतो. जे पक्षीही बी असेच पायाखाली धरून चोचीने फोडतो. नीळकंठाला हे येत नाही. त्याचे पाय आखूड आणि दुबळे, पुढची दोन बोटे बुडाशी एकमेकांना जोडलेली. तो चालत नाही म्हटले तरी चालेल. तारेवरून खाली झेपावतो, किडा उचलतो, परत तारेवर जातो. किडा मोठा असला तर तारेवर किंवा फांदीवर आपटून आपटून मारतो आणि सगळाच्या सगळा गिळतो. ज्याने बोर धरणाच्या काठी खंड्याला मासा आपटताना पाहिले आहे त्याला ही तऱ्हा ओळखीची वाटेल. तशी ती वाटावीच, कारण नीळकंठ, खंड्या आणि वेडा राघू ही एका गणातली पाखरे आहेत. नीळकंठाचे खरे सोयरे ते.

घरटे पाहिले तर शंकाच उरत नाही. कावळ्याच्या कुळातली आपल्याकडची पाखरे झाडाच्या बेचक्यात काट्याकुट्यांचे उघडे घरटे बांधतात. गावातला कावळा तर काड्यांच्या जोडीला लोखंडी तारांचे तुकडेही वापरतो. अंडी निळसर-हिरवट, त्यावर तपकिरी ठिपके. नीळकंठ मात्र खंड्या-राघूसारखा बिळात-ढोलीत अंडी घालतो. जुन्या झाडाची ढोली, वाळलेल्या शिंदीचे पोकळ खोड, पडक्या भिंतीतले भोक, असे कुठेतरी त्याचे बिऱ्हाड. अंडी पांढरी शुभ्र. अंधारात अंड्यांना रंगाची गरज ती काय!

गळ्याची गोष्ट ऐकून आजोबांना खरे वाटेना. शास्त्राच्या हिशेबात कावळा हा गाणाऱ्या पाखरांच्या गणात मोडतो. गाणाऱ्या पाखरांच्या स्वरयंत्राची विशिष्ट बांधणी असते आणि ती कावळ्याच्या गळ्यात आहे. तिचा उपयोग तो कसा करतो हा प्रश्न वेगळा. आणि ज्या कोकिळाच्या गाण्यावर आपण जीव टाकतो तो मात्र या गणात नाही. गवयाच्या घराण्यात कावळा आणि घराण्याबाहेर कोकीळ, अशी ही अजब वंशावळ आहे. नीळकंठही घराण्याबाहेरचाच. त्याचा आवाज म्हणजे नुसता कर्कश खरखराट. मार्च-एप्रिलमध्ये नर उंच उडतो आणि ओरडत, गिरक्या घेत, कोलांट्या मारीत खाली येतो. त्यावरूनच इंग्रजीत त्याला रोलर म्हणतात. हे नाव मला अधिक पटते. आपले नाव म्हणाल तर नीळकंठाचा कंठ काही निळा नाही. तो तपकिरी-जांभळट असून त्यावर फिकट रेघा असतात. निळे आहेत ते पंख आणि शेपूट. मराठीत नीलपंख आणि चास ही त्याची आणखी नावे आहेत. त्यातले नीलपंख रूपाला शोभणारे आहे. पण शंकराच्या नावाने लोकांच्या तोंडी बसलेले नाव कोण बदलणार?

मग खरा जे असतो तरी कुठे? महाराष्ट्रात नाही. आपल्या देशात तो पाहायचा तर हिमालयात जावे लागते. एक अंगाने तांबूस, पंखावर निळे पट्टे असलेला. दुसरा काळ्या डोक्याचा. तिकडच्या बांज नावाच्या झाडाला कठीण कवचाची फळे येतात. युरोपात ओकची फळे येतात, ती त्याच जातीची. जे ती हिवाळ्याच्या बेगमीसाठी एकेक करून जमिनीत पुरतो. एका हंगामात हजारोंनी. त्यातली बरीचशी त्याला सापडतात, काही राहून जातात, आणि राहिलेल्यांची झाडे होतात. पेरणी करणारे पाखरूच म्हणा ना!

त्याच्या स्मरणशक्तीचा एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन या दोघांनी अमेरिकेतल्या एका जातीच्या जे पक्ष्यांना भुईमुगाचे दाणे आणि अळ्या लपवायला दिल्या. अळ्या त्यांना अधिक आवडत, पण त्या लवकर नासतात. थोड्या तासांनी सोडले तर पाखरे अळ्या लपवल्या होत्या तिथे जात. पाच दिवसांनी सोडले तर अळ्या आता नासल्या असणार हे ओळखून सरळ दाण्यांकडे जात. काय ठेवले, कुठे ठेवले आणि कधी ठेवले, हे तिन्ही त्यांच्या लक्षात होते. आपल्या गृहिणींना याचे नवल वाटणार नाही. कौलाखाली भाकरीचा तुकडा खुपसून, वर पान झाकून, कोणी पाहिले तर नाही ना म्हणून मान वळवणारा कावळा त्यांनी रोज पाहिला आहे. साठवण करणे हा या सगळ्या कुळाचा गुण आहे. जगात या कुळाच्या सुमारे १३० जाती आहेत आणि त्यांत न्यू कॅलेडोनिया बेटावरचा एक कावळा तर काडीला आकडा करून झाडाच्या भोकातली अळी ओढून काढतो.

हिंगणीच्या शिवारात या कुळाचे नेहमी दिसणारे तीनच मानकरी. पहिला गावकावळा, राखी मानेचा. माणसाच्या वस्तीवाचून त्याचे चालत नाही. दुसरा डोमकावळा, सगळाच काळा, जाड चोचीचा, वस्तीच्या कडेला आणि रानात राहणारा. रानात जनावर मेले की बातमी आधी याला कळते. आणि तिसरा टकाचोर. नीळकंठाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीला मी सांगितले की जे पक्ष्याचा आपल्याकडचा चुलतभाऊ पाहायचा तर याला पाहा.

टकाचोराला कावळ्याच्या घरातला म्हटले की लोक चमकतात, कारण त्याच्यात कावळ्याचा रंग नाही. मैनेएवढे अंग आणि फूटभर शेपूट. अंग विटकरी, डोके आणि मान धुरकट काळी, पंखावर राखी-पांढरा पट्टा, करड्या शेपटीचे टोक काळे. शास्त्रीय नावात त्याला ‘व्हॅगाबुंडा’ म्हणजे भटक्या म्हटले आहे. पण चोच पाहा, कावळ्याची. अन्न पायाखाली धरणे पाहा, कावळ्याचे. घरटे काट्याकुट्यांचे, अंडी ठिपक्यांची, आणि खाण्याची साठवणही. बोलण्यात तर तो दोन्ही टोके गाठतो. एका क्षणी के-के-के असा घसा खरवडणारा ओरडा, आणि लगेच ‘को-की-ला’ असा गोड, गोल स्वर. हे इतके गोड ओरडणारे पाखरू कोणते म्हणून शोधायला गेलेला माणूस टकाचोर पाहून खट्टू होतो. गाणाऱ्यांच्या घराण्यातला कावळा गातो कसा, हे ऐकायचे असेल तर याच्याकडे जावे.

धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर मोहाच्या झाडांत तो जोडीने किंवा चार-पाचांच्या टोळीने हिंडतो. कोतवाल आणि सातभाई यांच्याबरोबरही त्याची टोळी जमते. सातभाई खालचा पाचोळा उलथतात, टकाचोर फांद्यांत शोधतो, उडालेला किडा कोतवाल हवेत टिपतो. सांबराच्या अंगावरच्या गोचिड्या टिपतानाही तो दिसतो. फळे, सुरवंट, सरडे, बेडूक, दुसऱ्या पाखरांची अंडी आणि पिले, काहीच त्याला वर्ज्य नाही. संत्र्याच्या बगीच्यात तो आला तर एखादे पिकले फळ फोडील, पण त्याच फेरीत पाने खाणाऱ्या अळ्याही टिपून नेईल. बुलबुलाचे घरटे मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही. चोर तो चोरच!

नावात कावळा आणि कुळात नाही, असेही काही आपल्याकडे आहेत, आणि ही चूक इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही. बोर धरणाच्या पाण्यातल्या वाळक्या झाडांवर पंख पसरून वाळवत बसतो तो पाणकावळा. तो मासेखाऊ, पायाची बोटे पडद्याने जोडलेली, त्याचे कावळ्याशी काही नाते नाही. कुंपणातून हुप्-हुप् करीत जाणाऱ्या भारद्वाजाला काही ठिकाणी कुंभारकावळा म्हणतात. तो तर कोकिळेच्या घराण्यातला. उलट बैलाच्या पाठीवर बसून फिरणारा काळा कोतवाल, काट्यावर टोळ खोचून ठेवणारा खाटीक आणि पिवळाधमक हळद्या, हे कावळ्याचे लांबचे भाऊबंद आहेत. पिवळ्या हळद्याला कावळ्याचा भाऊबंद कोण म्हणेल? पण अलीकडे रक्ताच्या तपासणीसारख्या सूक्ष्म परीक्षांनी हे नाते पक्के झाले आहे.

आता वावराकडे येऊ, कारण आजोबांना त्याचीच घाई होती.

कावळ्याबद्दल एकच एक मत देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पहिला पाऊस पडून वखर सुरू झाला की त्याच्या मागोमाग चालत कावळा हुमणीच्या अळ्या वेचतो. उंदीर खातो, मेलेले जनावर साफ करतो. तोच कावळा मक्याचा कोंब उपटतो, भुईमूग उकरतो आणि परसातले कोंबडीचे पिलू झडप घालून नेतो. पिले पंधरा-वीस दिवसांची होईपर्यंत डालीखाली किंवा जाळीत ठेवावी हे आमच्या भगिनींना मी सांगायची गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर, घुशी आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर गावकावळाही उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. म्हणजे कावळाही आता कायद्याने वाऱ्यावर सोडलेला नाही.

नीळकंठाचा हिशेब मात्र सरळ आहे. तो दाणा खात नाही. घाटा खात नाही, फळ खात नाही, कोंब उपटत नाही. बिहारात पुसा येथील सरकारी शेती संशोधन संस्थेत मेसन आणि लेफ्रॉय या दोघांनी पाखरांच्या पोटातले अन्न तपासून १९१२ साली भारतातल्या पक्ष्यांच्या आहारावर मोठा अहवाल छापला. कोणते पाखरू शेतकऱ्याचे आणि कोणते नाही हे चोच पाहून नव्हे तर पोट पाहून ठरवण्याचे आपल्या देशातले हे पहिल्या मोठ्या कामांपैकी एक. नीळकंठाचा आहार मुख्यत्वे भुंगेरे, टोळ, नाकतोडे, रातकिडे असा किड्यांचा आहे. जोडीला एखादी पाल, बेडूक, विंचू. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून निंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. नेमक्या त्याच संधिप्रकाशात नीळकंठ उशिरापर्यंत शिकार करतो. भुंगेऱ्याची एक मादी टिपली गेली तर तिच्या पोटची सगळी हुमणी गेली. हे आजोबांच्या चटकन लक्षात आले.

मात्र भलतेच गुण त्याला चिकटवू नयेत. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे नीळकंठाची चोच पोचत नाही. घाटेअळीचे काम साळुंकी, कोतवाल, बगळे ही मंडळी अधिक करतात. पण बसायला जागा असेल तर सगळीच पाखरे वावरात उतरतात. म्हणून हरभऱ्यात हेक्टरी ५० पक्षिथांबे लावावेत, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या काड्या पिकाच्या वर फूटभर राहतील अशा रोवाव्यात. हरभरा पेरतानाच बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली तर तिचे धांडे आपोआप थांबे होतात, खर्च काहीच नाही. फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्याशिवाय विषारी औषधाचा डबा उघडू नये. डबा लवकर उघडला की अळीच्या आधी टोळ आणि भुंगेरे विषारी होतात आणि ते नीळकंठाच्या पोटात जातात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसे मेली ती मोजली गेली. त्या वर्षी त्या वावरांत किती पाखरे पडली ते कोणी मोजले नाही.

सबंध देशाचे मोजमाप मात्र झाले आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल निघाला. तीस हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांनी ठिकठिकाणी केलेल्या नोंदी त्यासाठी एकत्र केल्या होत्या. एरवी नेहमीची समजली जाणारी पण ३० टक्के किंवा त्याहून अधिक घटलेली अशी १४ पाखरे त्यात वेगळी काढली आणि त्यांच्याकडे तातडीने पाहावे असे सांगितले. त्या १४ मध्ये नीळकंठ आहे. तारेवर रोज दिसतो म्हणून तो भरपूर आहे असे आपण धरून चालतो. पण तार गावोगाव आली म्हणून तो दिसतो सोपा, असे मला वाटते.

आणि इथेच गोताचा प्रश्न पुन्हा कामाला येतो. कावळ्याचे बिऱ्हाड कुठेही मांडता येते. कडुनिंबावर, विजेच्या खांबावर, मोबाईलच्या मनोऱ्यावरसुद्धा. त्याला चार काड्या आणि एक बेचके पुरते. नीळकंठाला ढोली लागते आणि ती त्याला कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली, किंवा फांदी मोडून खोड कुजल्यावर झालेली, अशी आयती मिळाली तरच त्याचा संसार. अशी ढोली तरण्या झाडाला नसते. ती असते धुऱ्यावरच्या म्हाताऱ्या मोहाला, आंब्याला, अर्धवट वाळलेल्या बाभळीला. आणि धुरा साफ करताना कुऱ्हाड पहिल्यांदा चालते ती त्याच झाडावर. सावली देत नाही, फळ देत नाही, सरपणाला बरे आहे, या हिशेबाने. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून धुरेच नांगरून टाकलेली वावरे मी पाहतो, तेव्हा तिथे कावळा दिसतो, साळुंकी दिसते, नीळकंठ दिसत नाही. निळे पाखरू कावळ्याचे भाऊबंद मानणाऱ्याला वाटते की कावळा जगतो तसा हाही जगेल. तो तसा जगत नाही.

आजोबांच्या धुऱ्यावर असाच एक मोह होता, वरची फांदी मोडलेला. तो तोडायचे त्यांच्या मुलाच्या मनात होते असे बोलण्यात आले. मी म्हटले, आजोबा, मुलाला सांगा की जूनपर्यंत तरी थांब; फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस लागेपर्यंत यांची अंडी-पिले ढोलीत असतात. त्यानंतरही खोड तसेच ठेवून वरच्या वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवता येतात. आजोबांनी मुलाला हाक मारली आणि त्यांच्या दोघांच्या बोलण्यात मी पडलो नाही.

दसऱ्याचे राहिले. रावणावर चाल करण्याआधी रामाला नीळकंठाचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून विजयादशमीला तो दिसणे शुभ मानतात. आपल्या विदर्भात, मध्य प्रदेशात, तेलंगणात हे सगळीकडे आहे. कर्नाटक, ओडिशा आणि तेलंगण या तीन राज्यांनी तर त्याला राज्यपक्षी केले आहे. पण काही ठिकाणी पारधी लोकांकडून तो महिनाभर आधी पकडवून घेतात, पंख कातरतात, पाय बांधतात, आणि दसऱ्याच्या दिवशी पिंजऱ्यातून दारोदार दर्शन विकतात. संध्याकाळी सोडून दिला तरी कातरलेल्या पंखांनी तो जगत नाही. पकडणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि पैसे देऊन दर्शन घेणाराच त्या धंद्याला भांडवल पुरवतो. पकडणारा गरीब असतो, त्याला शिव्या देऊन काही होत नाही. विकत घेणारा हात आखडला की धंदा आपोआप बसतो.

हिंगणीकरांना दर्शनासाठी पिंजऱ्याची गरजही नाही. दसरा येतो तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू असते. ढीग हलला की त्याखालचे टोळ, रातकिडे, भुंगेरे उघड्यावर पडतात, आणि नीळकंठ ते हेरून जवळच्या तारेवर येऊन बसतो. सकाळी ऊन अंगावर येण्याच्या सुमारास धरणाच्या रस्त्याने निघावे आणि खांबाखांबांमधल्या तारा पाहत जावे. बसलेला असताना तो ओळखू येत नाही, मातकट दिसतो. थोडा वेळ थांबावे लागते. सोयाबीनच्या ढिगातून काही हालले की तो पंख उघडतो. पोरांना आधी सांगून ठेवा की चोच पाहा, पाय पाहा, आणि किडा पायाखाली दाबतो की तारेवर आपटतो तेही पाहा.